सांधा

नवं व्हर्जन रात्री साडेअकराला उतरलं
आणि माझं खानापूर पुलाच्या पलीकडे कापलं गेलं.

तीन वर्षं मी ते ठोकळ्याठोकळ्यानं रचत होते.
दिवसभर भट्टीच्या ऑफिसात विटांचा हिशेब,
हजारी भाव, फुटीची वजावट, ट्रकचे नंबर,
आणि रात्री परत विटाच; फक्त यांना वजन नाही.
आई विचारायची, काय करूलीस गं एवढा वेळ?
घर बांधूलोय.
कुणाला?
त्या खेळात ह्याचं उत्तर द्यावं लागायचं नाही,
म्हणून तर मी तिथं जायचे.

आधी नुसती जमीन मिळायची.
बाण नाही, घड्याळ नाही, शाबासकी नाही.
एक झाड, एक मेंढी आणि कलायला लागलेला दिवस.
घाबरून मातीत भोक पाडायचं, आत बसायचं,
वरून एक ढेकूळ लावून घ्यायचं.
माझं पहिलं घर ते.

आता कोपऱ्यात यादी येते:
आज तीन खिडक्या लावा.
उद्या परत या, नाणी मिळतील.
एक बटण दाबलं की आख्खा बंगला, कौलांसकट.
कौलं म्हणे!
बोटाच्या पेरानं टक् केलं
की पक्कं कौल उत्तर देतं, कच्चं गप्प राहतं,
हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.
ह्यांच्या बंगल्याला मी वाजवायला गेले
तर तो म्हणाला, अभिनंदन.

इनासला मात्र आवडलंय.
तो नंदगडचा, कामाला मडगावात, हॉटेलच्या मोरीवर.
म्हणाला, तुला मोकळी जमीन हवी, तुझं बरं आहे.
मला रात्री दीड वाजता एक तास मिळतो.
हात पाण्यानं पांढरे पडलेले असतात.
तेव्हा कुणीतरी सांगावं, इथं खिडकी लाव,
मी लावावी, आणि त्यानं म्हणावं, छान लावलीस.
मला दिवसभर असं कोण म्हणतं?

यावर मला काही सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.

मल्लेशीचं म्हणणं, दोघंही भांडू नका,
आधी ते नदीचं बघा.
तर नदीचं असं झालंय:
जुनी जमीन होती तेवढी त्यांनी ठेवली,
पुढची नव्या नियमानं पाडली,
आणि मधला सांधा जुळवायला कुणीच बसलं नाही.
माझी मलप्रभा वाहत येते आणि एका रेघेवर थांबते,
पाणी उभंच्या उभं.
पलीकडे बर्फाचा डोंगर,
सुरीनं खरवस कापावा इतका सरळ.

मल्लेशी म्हणाला, वर बसून रेघ मारणारे
रेघेवर कोण राहतं ते बघत नाहीत, नोडु.
मग आम्ही तिघं जरा वेळ गप्प.
आमच्याकडे असलं बोलणं
चहा गार व्हायच्या आत संपवतात.

मी पाटी लावायला गेले, रेघेच्या अलीकडे: खानापूर.
खेळाला आपली अक्षरं येत नाहीत,
पाच रिकामे चौकोन उमटले.
मल्लेशीनं खाली कानडीत लिहिलं,
त्याचेही चौकोनच.
वरचे कुणाचे, खालचे कुणाचे,
दुसऱ्या दिवशी आम्हालाच ओळखेना.
इनास इतका हसला की मोबाईल परातीत पडला असता.

मी ठरवलं होतं, आता हा खेळ सोडायचा.
जुनी प्रत कॉम्प्युटरवर जपून ठेवलीय,
तिथं पूल शाबूत आहे,
पण तिथं हे दोघं येऊ शकत नाहीत.

काल भट्टी लवकर विझली, म्हणून बसले.
बघते तर डोंगराच्या त्या कापलेल्या अंगात
कुणीतरी एक दार बसवलेलं.
मागं घर नाही, खोली नाही, नुसता दगड.
मल्लेशीला विचारलं, हे बागिल तू लावलंस?
ब्याड, माझं नाव घेऊ नको, म्हणाला.
इनास झोपला होता.

यादीत तर आज दाराचं काहीच नव्हतं.
मी उघडलं, बंद केलं.
परत उघडलं.
आणि एक दगड काढला.